क्वांटम मेंदू आणि कळलावीचा कंद

पावसाळ्यात कासारसाई धरणाच्या अंगाने मुळशीकडे निघाले की झुडपांवर चढलेली कळलावी दिसते. पानांची टोके वळून आधार पकडतात. पाकळ्या मागे वळून उभ्या राहतात, बुडाशी पिवळ्या, वर लालभडक. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते. गाउटवर ते अगदी थोड्या मात्रेत देतात. मात्रा चुकली तर जीव जाऊ शकतो. पेशीतल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला ते चिकटते आणि त्यापासून बनणाऱ्या सूक्ष्मनलिका उभ्याच राहू देत नाही. जाणीव क्वांटम घडामोडींतून उपजते का, या वादात गेली तीस वर्षे याच नलिका केंद्रस्थानी आहेत.

माणसाची समज म्हणजे निव्वळ संगणकी हिशेब नव्हे, असे ब्रिटिश गणिती-भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी 1989 साली गणितज्ञ गोडेलच्या अपूर्णतेच्या प्रमेयाच्या आधारे मांडले. शेजारच्या हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये दिवसरात्र हिशेब करणारी यंत्रे उद्या विचारही करतील, असे आज सहज बोलले जाते, तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. हिशेबापलीकडचे जे काही आहे ते, अनेक शक्यता एकत्र नांदणारी क्वांटम अवस्था गुरुत्वाकर्षणामुळे एकाच शक्यतेवर कोसळते त्या क्षणी घडते, असे पेनरोज यांचे म्हणणे. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी त्याला मेंदूत जागा सुचवली: चेतापेशीतल्या, सुमारे 25 नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका. भूल दिल्यावरही मेंदूतली कितीतरी कामे चालू राहतात, जाणीव मात्र जाते. म्हणून भुलीचे औषध नेमके कुठे काम करते याचा शोध घेणे रास्तच होते.

आक्षेपही तितकाच भक्कम होता. मेंदू उबदार आणि ओला. रेणूंच्या धक्काबुक्कीत क्वांटम अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात किंवा त्याहूनही लवकर विस्कटेल, असे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी 2000 साली गणिताने दाखवले. विचाराला लागतात ते मिलिसेकंद. तरीही सजीवात क्वांटम काही टिकतच नाही, असे म्हणता येत नाही. रॉबिन पक्ष्याच्या डोळ्यातले क्रिप्टोक्रोम हे प्रथिन इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते, याचा प्रयोगशाळेतला पुरावा 2021 साली पुढे आला. उलट प्रकाशसंश्लेषणातल्या क्वांटम सुसंगतीचा 2007 सालचा गाजलेला दावा पुढे बराच मवाळ करावा लागला.

मग कळलावी काय सांगते? कोल्चिसीन घेणारा रुग्ण बेशुद्ध पडत नाही, म्हणून नलिकांचा सिद्धान्त खोटा, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. हे द्रव्य मेंदूत फारसे शिरत नाही आणि चेतापेशीतल्या बऱ्याच नलिका टिकाऊ असतात. म्हणून 2024 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूत शिरणारे, नलिकांना घट्ट करणारे एपोथिलोन-बी उंदरांना दिले. त्यांच्यावर भूल चढायला सरासरी मिनिटाहून अधिक उशीर झाला. नलिकांचा भुलीशी संबंध असावा, इतके यातून म्हणता येते. तिथे क्वांटम काही घडते, हे यातून ठरत नाही.

समजा, उद्या तेही ठरले. तरी वेदना का दुखते, लाल रंग लाल का भासतो, हा प्रश्न जागचा हलत नाही. विद्युत स्पंदनांतून अनुभव कसा उपजतो हे जितके अवघड, तितकेच क्वांटम अवस्थेच्या कोसळण्यातून तो कसा उपजतो हेही. मेंदू क्वांटम परिणाम वापरतो का, हा प्रयोगाचा प्रश्न आहे. त्यातून अनुभवाचा उलगडा होतो का, हा निराळा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे ही या चर्चेतली सर्वांत मोठी गल्लत आहे.

आपल्याकडे ती आणखी एका वाटेने होते. ‘क्वांटम’ हा शब्द उच्चारला की अध्यात्म सिद्ध झाले, असे व्याख्यानांतून ऐकवले जाते. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्या नात्याचा विचार ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त सातशे वर्षांपूर्वी स्वतःच्या बळावर केला, त्याला भौतिकशास्त्राच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. आणि विज्ञानाला आपले दावे तपासण्यापासून सूट नाही. दावा कसा तपासावा याचा एक नमुना पुण्यातच आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या 200 कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या. ओळख पटण्याचे प्रमाण नाणेफेकीहून वरचढ निघाले नाही. 2009 साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्या कामाचे मोल निकालाइतकेच, दावा आधी तपासण्याजोगा केला, यात आहे.

पेनरोज यांच्या कल्पनेने असे तपासले जाण्याचे धाडस दाखवले आहे. अवस्था कोसळताना सूक्ष्म प्रारण बाहेर पडायला हवे, या गणितावरून इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत ते शोधले गेले. 2020 सालच्या निकालाने त्या कल्पनेचे सर्वांत साधे रूप बाद केले. ज्या सिद्धान्ताचा एक भाग असा हरू शकतो, त्याच्या उरलेल्या भागाकडे गांभीर्याने पाहावे. जाणिवेविषयी क्वांटमच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाला आपण एवढेच विचारावे: काय दिसले तर तुम्ही हे मत सोडाल? ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याच्याशी वाद घालण्यात हित आहे.