नेमणारा हात, काढणारा हात

ज्याने नेमले त्यानेच काढावे, यात वावगे काय, असे आपल्याकडे सर्रास विचारले जाते. शिर्डीच्या साई संस्थानाची समिती २००४ च्या कायद्याने राज्य सरकार नेमते. २०२२ साली ती बरखास्त केली मात्र उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने. मला हे रास्त वाटते. भक्ताने दानपेटीत टाकलेला रुपया सरकारचाही नाही, विश्वस्ताचाही नाही. मेहेरबानीने खुर्चीवर बसलेला मनुष्य हिशेब देणार तो नेमणाऱ्याला. भक्त बापडा रांगेतच! आपल्या मध्यप्रदेशात १९५१ च्या कायद्याने कलेक्टर हाच सार्वजनिक न्यासांचा निबंधक. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि तो हाकेच्या अंतरावर आला. तरी विश्वस्ताला दूर करायचे तर त्यालाही न्यायालयाची पायरी चढावी लागते. निकालास वर्षे लागतात, ही तक्रार खरी; पण तोवर दानपेटीची किल्ली कोणाकडे, एवढे पहिल्याच तारखेला ठरावे.