अपेक्षित तारीख

कंपन्यांच्या वतीनं ग्राहकांना आपोआप मेल आणि मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यात प्रत्येक ग्राहकाचं नाव, फोन, ईमेल आधीपासूनच असतं. पण विमावाल्याला पॉलिसीची नोंद हवी असते, क्लासवाल्याला प्रवेशाची, लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्याला बाळंतपणाची. अशा ज्याच्या-त्याच्या धंद्याच्या नोंदींना आम्ही कस्टम ऑब्जेक्ट म्हणतो. त्यांवर मग नियम बसतात : प्रसूतीच्या तारखेला बारा आठवडे उरले की पाळण्याची जाहिरात, तारीख उलटली की अभिनंदन आणि डायपरवर सवलत.

तारीख ग्राहकानं स्वतःच दिलेली असते. मग यात गैर काय?

डिसेंबर २०१८मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या एका महिला पत्रकारानं टेक कंपन्यांना खुलं पत्र लिहिलं. तिचं बाळ पोटातच गेलं होतं, जाहिराती मात्र थांबत नव्हत्या. गरोदरपण ओळखण्याइतकी हुशारी तुमच्याकडे आहे, तर बाळ गेल्याचं का ओळखता येऊ नये, असा तिचा सवाल होता.

हेतू संपला की माहिती पुसावी, असं आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सांगतो. पण हेतू संपला हे यंत्रणेला कळवायचं कुणी? ‘सेटिंगमध्ये जाऊन बदल करा’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. पण त्यात आपली कारकुनी आपण शोकात असलेल्या बाईच्या गळ्यात मारतो.

बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, अशी रीत अनेक मराठी घरांत आहे. तिला अंधश्रद्धा म्हणणं सोपं आहे. मला त्यात एक जाण दिसते : अपेक्षित तारीख ही घटना नव्हे, ती आशा आहे. डेटाबेसला हा फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही रकाने तारखेचेच.

हा फरक नियम लिहिणाऱ्यानं सांभाळायला हवा. जन्माची वेगळी नोंद आईवडिलांनी केली तरच अभिनंदन जावं. नाहीतर यंत्रणेनं गप्प बसावं. ‘पण बहुतेकांचं तर सगळं सुखरूप होतं, त्यांची सवलत का बुडवायची?’ असा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येतो. आकडा बरोबर आहे, पण बेरीज चुकीची आहे. बुडालेलं कूपन पुढच्या महिन्यात पुन्हा देता येतं. रिकाम्या घरी गेलेलं अभिनंदन परत घेता येत नाही.