विजेची मोटर आणि सामर्थ्याची मर्यादा

गळाने मासेमारी करणाऱ्याने आपल्या होडीला किती ताकदीची विजेची मोटर बसवावी, हा केवळ खरेदीचा प्रश्न नाही. आपल्यापेक्षा दुबळ्या जीवासमोर माणसाने आपले सामर्थ्य कोठवर वापरावे, हा नीतिविचारातील जुना प्रश्न त्यात अंतर्भूत आहे. ‘ट्रोलिंग मोटर’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र 1934 साली अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यातील फार्गो येथे तयार झाले आणि पुढे शेजारच्या मिनेसोटा आणि त्यापलीकडील विस्कॉन्सिन राज्यांतील तळ्यांवर रुळले. होडीच्या पुढच्या टोकाला किंवा मागच्या फळीला दांड्याने जोडलेली, पाण्यात बुडवलेली आणि बॅटरीवर चालणारी ही मोटर होडीला लांब पल्ल्यावर नेण्यासाठी नसते. पाणवनस्पतींच्या कडेने होडी संथपणे सरकवणे किंवा वाऱ्यात तिला जागेवर धरून ठेवणे, हे तिचे काम.

तिची ताकद ‘थ्रस्ट’मध्ये, म्हणजे पंख्याने पाणी मागे लोटल्यावर होडीला मिळणाऱ्या रेट्यात, मोजली जाते आणि हे माप पौंडांत सांगितले जाते. माणसे, सामान व बॅटऱ्या धरून होडीचे जे एकूण वजन भरेल, त्याच्या दर 100 पौंडांमागे निदान 2 पौंड रेटा असावा, असा रूढ ठोकताळा आहे. म्हणजे 1500 पौंडांच्या होडीला किमान 30 पौंड लागतात आणि उघड्या, वारा खाणाऱ्या तळ्यावर त्याहून बरेच अधिक. वेग वाढवण्याची किंमत मात्र जबर असते. पाण्याचा विरोध असा वाढत जातो की, वेग दुप्पट करायचा तर सुमारे आठपट शक्ती खर्ची पडते, आणि म्हणून संथ चालणाऱ्या होडीची बॅटरी दिवसभर पुरते, तर पूर्ण वेगाने हाकलेल्या होडीची तास-दोन तासांतच उतरते. मर्यादेचा हा पहिला धडा निसर्गनियमच देतो, आणि तो समजून घेण्यास कोणत्याही तत्त्वज्ञानाची गरज पडत नाही.

खरी अडचण मोटरीच्या शांतपणात आहे. तिचा धूर नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, काठावरच्या पक्ष्यांना दचकवणारी घरघर नाही. याच कारणाने अनेक जलाशयांवर पेट्रोलच्या इंजिनांना बंदी असूनही तिला परवानगी असते. पण जो शांतपणा तळ्याच्या दृष्टीने सौम्यपणा ठरतो, तोच माशाच्या दृष्टीने दबा धरणे ठरतो, कारण आवाज नसल्यामुळेच शिकारी त्याच्या अगदी जवळ पोहोचतो. एकाच गुणात अहिंसा आणि हिंसा अशी एकत्र नांदत असल्यामुळे, ‘पर्यावरणाला पूरक’ हा शिक्का मारून नैतिक प्रश्न मिटवता येत नाही.

विस्कॉन्सिनमध्येच आयुष्याची महत्त्वाची वर्षे घालवलेले वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर 1949 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या ग्रंथात, उपकरणांच्या गर्दीविषयी चिंता व्यक्त केली आहे. शिकाऱ्याचे वर्तन पाहायला आणि त्याला दाद द्यायला प्रेक्षक नसतात, त्यामुळे आपल्या शस्त्रांवर त्याने स्वेच्छेने घातलेली मर्यादा हेच त्याच्या नीतीचे मुख्य लक्षण, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. आजच्या मोटरींना हा निकष लावला की निवड बरीच स्पष्ट होते. उपग्रहांच्या संकेतांवरून होडी एका जागी रोखून धरणारी सोय वाऱ्यात सुरक्षितता देते, नांगर टाकून तळ खरवडण्याचे टाळते. ती समर्थनीय आहे. मोटरीच्या दांड्यावरच बसवला जाणारा थेट चित्र दाखवणारा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातील हालचाल पडद्यावर दाखवणारे यंत्र, ही मात्र वेगळी बाब आहे. त्या पडद्यावर आमिषाकडे वळलेला, क्षणभर घुटमळलेला आणि पुन्हा मागे फिरलेला मासा एका उजळ ठिपक्याच्या रूपात दिसतो; त्याला लपायला पाणीच उरत नाही.

जैन परंपरेत उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’ने सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाबरोबरच प्रमादाला, म्हणजे विकारवश बेसावधपणाला, महत्त्व दिले आहे. त्या परंपरेला मासेमारी मुळीच मान्य नाही, म्हणून या व्याख्येतून गळ टाकणाऱ्याला परवाना काढून घेता येणार नाही. पण कृतीमागील चित्ताची दशा तपासण्याची तिची रीत येथे मोलाची आहे. वारा, पाण्याचा रंग आणि वनस्पतींची कड यांकडे लक्ष देत पायाने मोटर वळवणारा माणूस आपण काय करीत आहोत याविषयी जागा असतो. सारे लक्ष यंत्रावर सोपवले गेले की ही जाग मंदावते आणि समोरचा जीव केवळ ठिपका होऊन राहतो. ‘धरा आणि सोडा’ या प्रथेनेही हा दोष धुतला जात नाही. उन्हाळ्यातील कोमट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात दमलेला मासा सोडल्यानंतरही मरू शकतो.

म्हणून मोटर घेताना रेट्यात काटकसर करू नये, कारण वाऱ्यात होडी भरकटली तर माणसांचे प्राण धोक्यात येतात. थेट सोनार मात्र घेऊ नये. आणि ज्याला मासा खायचा नाही, केवळ त्याची झुंज अनुभवायची आहे, त्याने मोटरीची चौकशी करण्याआधी गळ टाकण्याचे कारण स्वतःशी निश्चित करावे.