केळनेचा उतार

भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत इतिहासाच्या सरांनी नववीच्या मुलांना आपापल्या गावचा इतिहास लिहून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी बहुतेक वह्यांत एकच मजकूर होता : आमच्या गावाला किल्ला नाही, लेणी नाहीत, म्हणून इतिहास नाही. सर रागावले नाहीत. "रविवारी भाकरी बांधून या, पायी जायचंय," एवढंच म्हणाले.

पांदीने चालता चालता पांढरीचं टेकाड लागलं. पावसाने माती वाहून गेली होती आणि जागोजागी खापरं उघडी पडली होती. एका मुलाने तांबडं खापर उचललं. त्याच्या आतल्या अंगाला कुंभाराच्या बोटांच्या रेघा अजून हाताला लागत होत्या. सर म्हणाले, "भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलं, ते तिथल्या दगडावर कोरलेलं आहे. दोन हजार वर्षं झाली त्याला." मुलाने खापर जिथून उचललं होतं तिथेच परत ठेवलं.

पुढे केळना नदी आडवी आली. सरांनी विचारलं, "पलीकडे कुठून जायचं?"

एकाने मोबाइल काढला. "पूल लांब आहे सर. इथून रस्ता नाही."

मागून एक मुलगी पुढे आली. "सर, हे गाव इकडं आणि ते बरोबर समोर. माझी आजी तिकडून रोज इकडं दळायला यायची. ती काय पुलावरून येत होती? इथं उतार असणारच."

ती काठाने थोडी खाली गेली. दोन्ही दरडी जिथे झिजून बसक्या झाल्या होत्या, तिथे पाणी गुडघ्याइतकंच निघालं.

नदी उतरून गेल्यावर सरांनी सगळ्यांना बसवलं. "२३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज याच केळनेच्या एका काठाला, असईजवळ होती. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दुसऱ्या काठाला होता. वाटाड्यांनी त्याला सांगितलं, जवळ उतार नाही. त्याला दुर्बिणीतून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. शेजारची गावं एकमेकांकडे जाणारच, असं त्याने ताडलं. उतार सापडला. तिथे त्याला अडवायला आपलं पायदळ नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची हजारो माणसं मेली, घायाळ झाली, आणि आपण लढाई हरलो. पुढे याच वेलस्लीने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, पण आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून तो असईचंच नाव घेई."

मुलं गप्प झाली. मग ती मुलगी म्हणाली, "म्हणजे त्याने बाहेरून येऊन आपली नदी पाहिली. आम्ही तर इथंच राहतो."

सोमवारी वह्या पुन्हा आल्या. कोणी बारवेच्या पायऱ्या मोजल्या होत्या, कोणी वेशीजवळच्या वीरगळावरचा घोडेस्वार काढला होता, कोणी आजोबांना विचारून शिवारातल्या वावरांची जुनी नावं लिहिली होती. त्या मुलीने आजीला सोबत नेऊन केळनेचे आणखी दोन उतार नकाशावर दाखवले होते.

असई आजही केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात आहे. पावसाळा सरला की पायी जाऊन या. त्याआधी आपल्या गावची शीव एकदा फिरा, आणि निघताना घरातलं म्हातारं माणूस सोबत घ्या.