दोन धनी

देव आणि धन या दोघांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हे येशूचे वचन मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत येते. ग्रीक मजकुरात ‘मामोन’ हा अरामी शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे. त्यामुळे संपत्ती जणू प्रतिस्पर्धी दैवत होऊन उभी राहते. मराठीत तर ‘धनी’ म्हणजे श्रीमंतही आणि मालकही. वचनाचा रोख धन बाळगण्यावर आहे की धनाला धनी मानण्यावर, हा वाद ख्रिस्ती परंपरेत कधीच मिटला नाही. त्याचे मूळ शुभवर्तमानांतच आहे. सार्वकालिक जीवनाची वाट विचारणाऱ्या धनवानाला येशू सर्वस्व विकून गरिबांना द्यायला सांगतो. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय मात्र निम्मीच मालमत्ता देऊ करतो, लुबाडलेले चौपट परत करीन म्हणतो, आणि तेवढ्याने त्याच्या घरी तारण येते.

इ.स. 200च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने सौम्य अर्थ लावला: टाकायची ती आसक्ती, सगळ्यांनीच धन टाकले तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? श्रीमंत श्रोत्यांना हा अर्थ सोयीचा होता, पण म्हणून तो पोकळ ठरत नाही. त्याच इजिप्तमध्ये पुढच्या पाऊणशे वर्षांत अँटनीने ती आज्ञा शब्दशः पाळली, वडिलोपार्जित जमीन सोडली आणि अखेर वाळवंट गाठले. चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिलने प्रश्नच फिरवला. पेटीत पडून असलेले जादा वस्त्र उघड्याचेच आहे, असे तो सांगे. म्हणजे दान हे औदार्य नव्हे, परतफेड.

सर्वांत चमत्कारिक पेच असिसीच्या फ्रान्सिसच्या अनुयायांपुढे आला. 1223च्या नियमावलीने त्यांना नाणी घेण्यासही मनाई केली होती. पण संघ वाढला. मठ, पुस्तके, धान्य आले. मग 1279मध्ये पोप तिसरा निकोलस याने तोडगा मान्य केला: मालकी पोपपीठाची, बंधूंकडे केवळ वापर. 1322मध्ये पोप बाविसावा जॉन याने त्यावर बोट ठेवले. खाल्ल्याने संपणाऱ्या भाकरीचा वापर मालकीपासून वेगळा कसा काढणार? पुढच्याच वर्षी, ख्रिस्त आणि प्रेषितांच्या मालकीचे काहीच नव्हते हा आग्रही दावा त्याने पाखंड ठरवला. अपरिग्रहाचा प्रश्न असा कायद्याच्या कचाट्यात सापडला.

लूथर आणि कॅल्व्हिन यांनी मठातील दारिद्र्याचे वेगळे पुण्य नाकारले. प्रामाणिक धंदा हीच देवाने नेमून दिलेली सेवा ठरली. या वृत्तीचा आणि भांडवलशाहीचा संबंध माक्स वेबरने 1904-05मध्ये मांडला. त्याआधीच जॉन वेस्लीला दुखणे कळले होते: भक्तीतून कष्ट आणि काटकसर येते, त्यातून पैसा, आणि पैशाने भक्ती ओसरते. भरपूर कमवा, भरपूर वाचवा आणि भरपूर द्या, हा त्याचा उपाय. तिसरी पायरी अनुयायांना सर्वांत जड गेली. विसाव्या शतकात अमेरिकेत फोफावलेल्या ‘समृद्धीच्या सुवार्ते’ने तर सुबत्तेलाच श्रद्धेचे फळ मानले.

त्याच शतकात महाराष्ट्रात कवी ना. वा. टिळक उलट्या वाटेने गेले. 1917मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला.