उघडणारं मशीन

एका गावात दोन जावा शेजारी-शेजारी राहत होत्या. घरं वेगळी, बोअर एकच. एका पावसाळ्यात दोघींची जुनी वॉशिंग मशिनं पाठोपाठ बंद पडली. आता फ्रंट लोड घ्यायचं आणि चांगलं पंधरा वर्षं वापरायचं, असं दोघींनीही ठरवलं.

थोरली दुकानात गेली. तिनं विचारलं, "हे काय काय करतं?" दुकानदारानं तिला पंधरा प्रोग्रॅम दाखवले, मिनिटाला १४०० फेरे सांगितले, मोटरची १० वर्षांची हमी सांगितली. थोरलीनं पैसे भरले.

धाकटी आधी गल्लीतल्या मेकॅनिककडे गेली. तो एक बंद मशीन खोलून बसला होता. तिनं विचारलं, "काका, ही बिघडतात कशानं?"

काकांनी ड्रममागचं एक जुनं गंजलेलं बेअरिंग तिच्या हातावर ठेवलं. "मोटर धडधाकट असते, जातं ते हे. सील झिजलं की पाणी आत शिरतं आणि हे गंजतं. वस्तू छोटीशी. पण ह्या मशीनचा टब कारखान्यातच वितळवून चिकटवलाय, उघडतच नाही. मग अख्खा टब बदलावा लागतो. तुम्ही टबाचे दोन भाग स्क्रूनं जोडलेले असतील ते बघा."

धाकटीनं तसं साधं, ७ किलोचं मशीन शोधून घेतलं आणि थोरलीला सांगायला गेली. थोरलीला ते लागलं. "माझं मशीन अजून घरात आलं नाही, आणि तू त्याच्या बिघडण्याचं बोलतेस?" तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं.

वर्षं गेली. मशिनं दोघींनीही मनापासून जपली. साबण मोजून घालायच्या. कपडे काढले की दारातलं रबर पुसायच्या, दार किलकिलं ठेवायच्या. फिल्टर धुवायच्या. बोअरच्या पाण्याचे क्षार साचू नयेत म्हणून अधूनमधून क्षार काढायची पावडर घालून मशीन रिकामं फिरवायच्या.

आठव्या वर्षी थोरलीचं मशीन पिळताना घोंघावू लागलं. टब बदलायचा खर्च नव्या मशीनच्या जवळ गेला. दुसऱ्या दिवशी ती ओल्या चादरींची बादली घेऊन धाकटीच्या दारात उभी राहिली. धाकटीनं काही विचारलं नाही. बादली हातातून घेतली आणि मशीनचं दार उघडलं.

पुढच्या वर्षी धाकटीचं मशीनही तसंच घोंघावलं. काकांनी ते अंगणात ओढलं, स्क्रू काढले, टबाचे दोन भाग वेगळे केले. नवं सील बसवलं, नवं बेअरिंग बसवलं. थोरली शेजारी बसून एकेक स्क्रू ताटलीत जपून ठेवत होती. दिवेलागणीला मशीन पुन्हा फिरू लागलं.

जपणूक दोघींची सारखीच होती, आणि बिघाडही सारखाच आला. फरक होता तो जोडणीत. जे वर्षानुवर्षं सोबत ठेवायचं, ते निवडताना एवढं आधी विचारावं, की बिघडलं तर हे उघडता येईल का? माणसांमध्येही कधी ना कधी बिघडतंच. तिथली जोडही अशीच असावी, कुणी बादली घेऊन दारात आलं की उघडणारी.