परत परत येणारी बातमी

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठेक सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि देशभरच्या वाहिन्या या जिल्ह्याकडे वळल्या. बातमी मोठी होती, तिला मिळालेली जागाही रास्त होती. पण तिने एक प्रश्न मागे ठेवला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाल्यापासून गडचिरोली जिल्हा उर्वरित महाराष्ट्राला दिसला तो मुख्यतः चकमकी आणि भूसुरुंगांतून. चंद्रपूर दिसले ते वाघ, कोळसा आणि उन्हाळ्यातल्या तापमानाच्या आकड्यांतून. आता बंदूक थंडावली तर गडचिरोलीची बातमी कोणती? तिच्या जागी पोलाद येऊन बसू लागलेच आहे : अमुक हजार कोटींची गुंतवणूक, तमुक लाख टनांची क्षमता. दोन्ही प्रकारच्या बातम्यांत गावातली माणसे एकतर बळी असतात, नाहीतर लाभार्थी. कर्ती कधीच नसतात. माझे म्हणणे असे की या दोन जिल्ह्यांत माणसे जिथे दरवर्षी आपणहून जमतात त्या मंडया, नाटके, यात्रा आणि ग्रामसभा हीच इथली मूळ बातमी आहे, आणि ती टिपल्याशिवाय अचानक घडणारी बातमीसुद्धा नीट कळत नाही.

सुरुवात वडसा-देसाईगंजपासून करावी लागते. दिवाळीच्या आसपास या लहानशा शहरात नाटक कंपन्यांची कार्यालये गजबजू लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानपट्ट्यातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, गावांची मंडळे इथे येऊन नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात, आगाऊ रक्कम देतात. भाऊबीज झाली की मंडयांचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम सुरू होतो आणि प्रयोग होळीच्या सुमारापर्यंत चालतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, ही जोडी जुनी आहे. पडदे, ऑर्गन, तबला, रात्री उशिरा उघडणारा रंगमंच आणि पहाटेपर्यंत बसून असलेले, तिकीट काढून आलेले प्रेक्षक. मुंबई-पुण्याची व्यावसायिक रंगभूमी प्रेक्षकांच्या चिंतेत असताना इथे एकेका प्रयोगाला हजारांनी माणसे येतात, आणि यामागे अनुदानाचा मोठा हात नाही. नफा झाला तर तो गावच्या देवळाला, शाळेला, सभामंडपाला लागतो. त्या दिवशी घरोघर पाहुणे असतात, सोयरिकी जुळतात, धानाचा भाव आणि मजुरीचा दर बोलला जातो. दारू, हुंडा, कर्ज, अंधश्रद्धा हे विषय रंगमंचावर येतात आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्यांचा निकाल लागतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग करून झालेल्या या नटाची ओळख त्या दिवशी बहुतेक महाराष्ट्राला पहिल्यांदा झाली. ही मोठी खंत आहे. एवढा मोठा सार्वजनिक व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत असताना त्याची नाट्यसमीक्षा नाही, त्याच्या अर्थकारणाचा हिशेब नाही. जिल्हा पुरवणीत उद्घाटनाचे छायाचित्र मात्र असते, आणि त्यातही नटांपेक्षा उद्घाटक पुढे.

परत येणाऱ्या घडामोडी माहीत नसल्या की अचानक घडलेल्या बातमीचा अर्थ कसा बिघडतो, हे वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्यांतून सर्वांत स्पष्ट दिसते. ‘जंगलात गेलेल्या महिलेवर वाघाचा हल्ला’ असे वाचले की शहरातला वाचक विचारतो, जंगलात गेलीच कशाला? मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल गळते. ते पहाटे वेचावे लागते, कारण उशीर झाला तर जनावरे खातात आणि ऊन चढते. वेचताना माणूस वाकलेला किंवा उकिडवा असतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. तो मोजक्या दिवसांचा, पण त्यावर कित्येक घरांचा पावसाळ्याआधीचा रोख पैसा अवलंबून असतो. मग रोवणी, मग सरपणाच्या काड्या. हे वर्षाचे चक्र ज्याला ठाऊक आहे त्याला त्या बाईचे जंगलात जाणे बेफिकिरी वाटणार नाही, आणि वन विभागाने कोणत्या आठवड्यात कोणत्या रानात जास्त माणसे ठेवायला हवीत हेही तो सांगू शकेल. मोहाचा हंगाम ही बातमी म्हणून आधी छापली गेली, तर एखादा मृत्यू टळण्याची शक्यता आहे. हल्ल्यानंतरच्या बातमीत ती शक्यता उरलेली नसते.

निर्णयांचेही तसेच आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. वृत्तपत्रांच्या दृष्टीने या तीन सरकारी घोषणा. पण गडचिरोलीची बंदी त्याआधी कित्येक वर्षे गावोगावच्या सभांत घडत होती, आणि चंद्रपूरच्या बंदीआधी २०१० च्या डिसेंबरात हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या होत्या. बंदी योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. ती कुठे घडली यावर असू नयेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त आणि त्यासाठी अभ्यासगट आधी उभे केले. सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाले, आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मंत्री आले तो दिवस सर्वांनी टिपला. त्याआधीच्या असंख्य बैठका, ज्यांत गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासह सगळे गाव तासन्‌तास बसत होते, त्या कोणत्याही बातमीत नाहीत. म्हणून मेंढ्याचे यश इतरांना चमत्कारासारखे वाटते आणि त्याचे अनुकरण करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे भाबडे गौरवीकरण आहे. झाडीपट्टीच्या नाटकात उथळ नाचगाणी घुसली आहेत, मंडईचा मंच पुढाऱ्यांनी बळकावला आहे, पटात बैलांचे हाल होतात, आणि गाव एकत्र बसले म्हणजे त्यात बाईला आणि दुबळ्या जातीला बोलता येतेच असे नाही. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. पण तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, उलट त्याला बळ देतो. ज्या व्यवहारावर कोणी गंभीरपणे लिहीत नाही तो व्यवहार बिघडला तरी कोणाला जाब द्यावा लागत नाही. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०२१ मध्ये महाराष्ट्रात सशर्त परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. त्या अटी एखाद्या गावच्या पटात पाळल्या जातात का, हे पाहायला वार्ताहर किती वेळा जातो? लोककला म्हणून जपणूक करण्याची भाषा मला इथे अपुरी वाटते. जपायची वस्तू कपाटात जाते. टीका जिवंत व्यवहारावर होते. वडशाच्या नाटकाला सत्काराइतकीच परखड परीक्षणाची गरज आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, गावाच्या बातम्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, मग कोणी मुद्दाम का लिहावे? कारण त्या बातम्या गावातच राहतात, आणि दोन दिवसांनी कोणाला सापडत नाहीत. सरकार, न्यायालय आणि शहरातला नागरिक यांच्यासमोर पुरावा म्हणून उभे राहते ते छापलेले, तारीखवार ठेवलेले. चंद्रपूरचेच पाहा. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, आणि दरवर्षी त्या तारखेला चंद्रपूरची दीक्षाभूमी माणसांनी भरते. तरी राज्यातल्या किती सुशिक्षितांना हा दुसरा सोहळा माहीत आहे? माणसांची इतकी मोठी गर्दी विस्मरणात राहू शकते, तर एटापल्लीच्या डोंगरातल्या यात्रेची काय कथा.

आणि तिथेच हा प्रश्न संस्कृतीचा न राहता हक्काचा होतो. गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या माडिया आदिवासींच्या मुलखात नाटक कंपन्यांचे राज्य नाही. तिथे इलाक्याच्या यात्रा आहेत. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा दर जानेवारीत भरते. इलाक्यातल्या गावांच्या ग्रामसभा त्या वेळी एकत्र बसतात, आणि याच डोंगरावरच्या लोहखाणीबद्दल गेली कित्येक वर्षे तिथे बोलले गेले आहे, ठराव झाले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच खाणीच्या विस्ताराची पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली, ती मात्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, दिवाळीच्या आठवड्यात. सुरक्षेचे कारण त्या काळात पुढे करता येत होते. ते कारण आता झपाट्याने दुबळे होते आहे. खाणीमुळे रोजगार आला, रस्ते झाले, हे म्हणणारे लोकही त्याच मुलखातले आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. पण दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकायला माणसे जिथे आधीच जमतात ती जागा आणि ती तारीख दरवर्षी ठरलेली आहे. पुढची सुनावणी एटापल्ली तालुक्यात, धान कापून झाल्यावर आणि मोह गळण्याआधी घ्यावी, तिची सूचना माडियात द्यावी, आणि जानेवारीतल्या यात्रेतले ठराव तिच्या इतिवृत्ताला जोडावेत. जिल्ह्यातल्या वृत्तपत्रांनी तोवर थांबायचे कारण नाही. यंदाच्या यात्रेत कोण काय बोलले, हे नावागावासकट पहिल्या पानावर छापता येईल.